बेंबीवाल्या गोट्या

खरं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. सभेत खरं बोलणारी, पोलीस चौकीत खरं बोलणारी, पोटात दोन पेग गेल्यावर खरं बोलणारी. पण मातीत सापडलेल्या एका गोटीबद्दलसुद्धा कणभर खोटं बोलणार नाही, मग त्यापायी सगळं गाव अंगावर आलं तरी चालेल, असा माणूस मी खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून एकच पाहिला. तो माझ्या आत्याचा नवरा. आमच्या साताऱ्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामांनी मला आयुष्यात जितका मनस्ताप दिला तितका एकाही सरकारी कचेरीने दिलेला नाही, आणि हे मी फार विचार करून लिहिते आहे, कारण कचेऱ्यांबद्दल माझं मत काय आहे ते माझ्या वाचकांना ठाऊक आहे.

मामा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलणार म्हणून कामाला होते. शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधे उभं राहून गोणीचं वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. हमालाने गोणी काट्यावर आदळली की मामा दोन्ही हात काट्यापासून लांब घेत, एक पाऊल मागे सरत आणि मगच आकडा पुकारत. काट्याला बोट लागलेलं असताना पुकारलेलं वजन म्हणजे पाप, असं त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं. "हात लांब, पाय मागं, मग तोंड उघडायचं." बावीस वर्षं हे केल्यावर ती सवय मार्केटच्या फाटकात थांबली नाही, ती त्यांच्याबरोबर घरी आली. आत्याने आमटीची चव बघायला सांगितली की मामा चमचा खाली ठेवत, ओट्यापासून एक पाऊल मागे जात आणि म्हणत, "मीठ थोडं कमी." माझ्या आतेबहिणीला बघायला पाहुणे आले, पोहे झाले, सगळे मामांच्या तोंडाकडे बघायला लागले, तेव्हा मामा खुर्चीवरून उठले, एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "मुलगा चांगला हाय. पण पोह्यातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवतो." लग्न झालं. जावई अजून शेंगदाणे वेचून ठेवतो आणि आतेबहीण म्हणते, निदान आधी माहीत तरी होतं.

माझे वडील म्हणजे मामांचे मेहुणे. ते हमालांच्या संघटनेचं काम करायचे, त्यामुळे आमच्या घरी उशाशी पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी बाराखडी गिरवली तीसुद्धा पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पत्रकाची भाषा माझ्या रक्तात आहे. त्या भाषेत मोर्चाला नेहमी हजारो लोक असतात. मामा मोर्चाला येत, चालत, घोषणा देत, आणि शेवटी पुलाच्या कठड्याला टेकून माणसं मोजत. संध्याकाळी मला सांगत, "चारशे बारा. त्यातले दोघं साध्या कपड्यातले पोलीस." पुढे पत्रकं मीच लिहायला लागले, आणि मी 'हजारो' लिहीत असे. मामा ते वाचत आणि पत्रक घडी घालून खिशात ठेवत. त्या घडी घालण्याचा मला फार राग यायचा.

गोट्यांचा नाद त्यांना गोणीतूनच लागला. एकदा काट्यावर एक गोणी फाटली, कांदे घरंगळले आणि त्यांच्याबरोबर एक गोटी. दुसऱ्या कुणी ती लाथेने उडवली असती. मामांनी ती उचलली, तिचं वजन गोणीतून वजा केलं, आणि मग ती उन्हात धरली. आत लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा पीळ होता, आणि एका अंगाला बोटाला लागेल असा खडबडीत ठिपका. बाकी सगळी गोटी गुळगुळीत, मग इथेच का खरखर? या प्रश्नाने त्यांना दोन रात्री झोप लागली नाही, असं आत्या सांगते. तिसऱ्या दिवशी ते तुर्भ्याच्या एका म्हाताऱ्या बाटली-भंगारवाल्याकडे गेले. तो तरुणपणी काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. त्याने सांगितलं, की पूर्वी गोटी हाताने करत. वितळलेल्या काचेची सळई ओढायची, टोकाला गोल आकार द्यायचा आणि कात्रीने तोडायचं. जिथे तुटते तिथे खूण राहते. पुढे यंत्रं आली, यंत्राच्या गोटीला अशी खूण नसते. मामा घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "हिला बेंबी हाय."

आत्या भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "मग बारसं करून घ्या."

त्या दिवसापासून मामांसाठी जगातल्या गोट्यांचे दोन वर्ग झाले. बेंबीवाल्या, म्हणजे माणसाच्या हातून जन्मलेल्या. आणि बिनबेंबीच्या, म्हणजे यंत्रातून पडलेल्या. पुढे त्यात भर पडत गेली. गोटीसोड्याच्या बाटलीतली हिरवट गोटी वेगळी, तिच्यात नक्षी नसते, नुसते बुडबुडे. आत मांजराच्या डोळ्यासारखी पाकळी असलेली वेगळी, ती बरीच अलीकडची. दगडाची वेगळी, भाजलेल्या मातीची वेगळी. हे वर्ग ठेवायला त्यांनी आत्याच्या मिसळणाच्या डब्याची निवड केली, कारण त्यात सात वाट्या असतात. आत्याने नवा डबा घेतला. महिनाभराने मामांना आठवा वर्ग सापडला आणि नव्या डब्यातली मोहरीची वाटी गेली. आत्या आजतागायत मोहरी कागदाच्या पुडीत ठेवते आणि ती पुडी प्रत्येक पाहुण्याला दाखवते.

गोटी ओळखायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. आधी ती दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवायची. मग घड्याळजीकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावून बेंबी शोधायची. मग गोटी पुढच्या दातावर हलकेच आपटायची, काच वेगळी वाजते, दगड वेगळा, माती तर वाजतच नाही. या आपटण्यापायी त्यांच्या एका दाताचा टवका उडाला, पण ती गोटी दगडाची आहे हे सिद्ध झालं, असं ते समाधानाने सांगत. शेवटी गोटी टेबलावर ठेवायची, हात लांब, पाय मागं, आणि निकाल. निकालात साल कधीच नसे. "तुझ्या आज्याच्या हाफचड्डीच्या वेळची," असं काही तरी असे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनांनी एकदा कापसात गुंडाळून एक गोटी आणली. घराण्यात शंभर वर्षं आहे, म्हणाले. मामांनी भिंग लावलं, दात लावला, मागे सरले. "आत पाकळी हाय, बेंबी न्हाय. तुमच्या लग्नानंतरची." चेअरमन पुढे चार महिने जिन्यात मामांना वाट द्यायचे, पण भिंतीकडे तोंड करून.

नवी मुंबई त्या वर्षांत जिकडे तिकडे खणलेली होती. इथे पाया, तिथे गटार, पलीकडे टेलिफोनच्या तारांसाठी चर. लोक चरांना शिव्या घालत, मामा चरांत उतरत. रविवारी सकाळी टोपी, पिशवी, चहाची जुनी गाळणी आणि भिंग घेऊन ते बाहेर पडले की इमारतींवरचे रखवालदार उठून उभे राहत. कारण सुट्टीच्या दिवशी डोळ्याला भिंग लावून पायाच्या खड्ड्यात उतरणारा माणूस वरून आलेला तपासनीसच असणार. नेरुळला एका ठिकाणी तर खुर्ची आली, चहा आला आणि इंजिनियर स्वतः धावत आला. "साहेब, सळई नियमाप्रमाणेच टाकलीय." मामांना सळईतलं काही कळत नव्हतं, पण मोजता येत होतं. त्यांनी शेजारच्या खांबाच्या सळया मोजल्या, या खांबाच्या मोजल्या, एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "ह्यात दोन कमी हायत." पुढच्या रविवारी दोन जास्त होत्या. त्या इमारतीत आज अठ्ठेचाळीस कुटुंबं राहतात आणि एका गोटीच्या शोधामुळे आपण जरा घट्ट उभे आहोत, हे त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नाही.

सत्यनारायणाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आत्याच्या घरी पूजा होती. गणपती म्हणून तांदळावर सुपारी मांडायची, आणि आत्याने घाईत फडताळातल्या वाटीतून जी सुपारी उचलून गुरुजींना दिली ती भाजलेल्या मातीची गोटी होती. आकार तोच, रंग तोच. मामांना ते पहिल्या अक्षतेलाच दिसलं. पण चालू पूजेत बोलायचं कसं? ते गप्प बसले, आणि घामाने निथळत सगळे अध्याय ऐकले. आरती झाली, प्रसाद वाटला, तेव्हा चौरंगापासून एक पाऊल मागे सरून ते गुरुजींना म्हणाले, "ती सुपारी नव्हती. भाजकी माती हाय. पूजा लागू झाली का न्हाई, तुम्ही बघा." गुरुजी विचार करून म्हणाले, "माती म्हणजे पार्थिवच की. लागू झाली." आत्याने त्या दिवशी मामांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी लिहू शकत नाही.

अशा माणसाला मी चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका गावाच्या भानगडीत ओढलं. चूक माझीच.

आमच्याकडे एक मावशी मासळी घेऊन येत. त्यांचं गाव खाडीकाठचं. गावाला लागून एक मोकळं मैदान होतं. जाळी वाळवायची तिथे, लग्नाचे मांडव तिथे, जत्रेची पालखी तिथेच नाचायची. शहर वसवणाऱ्यांच्या कचेरीने त्या मैदानाचा प्लॉट करायचं ठरवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की पंचवीसेक वर्षांपूर्वी रस्ता करताना त्या जागी मुरमाचा भराव टाकला. त्याआधी तिथे नुसता चिखल होता, भरतीला पाणी चढायचं, माणसाचा वावर असणं शक्यच नाही. जी जमीन भरावाने जन्माला आली तिच्यावर गावाचा हक्क कसला? गाव म्हणत होतं की भरावाच्या आधीही ती जागा कोरडी होती आणि आमच्याच वापरात होती. पण कागद नव्हता. हरकती ऐकण्याची तारीख लागलेली होती. पुढच्या उन्हाळ्यात पालखी कुठे नाचणार, हा प्रश्न त्या एका तारखेवर लटकत होता.

आणि त्याच आठवड्यात मैदानात मांडवाचा खांब रोवायला खड्डा खणताना मावशींच्या घरच्यांना गोट्या सापडल्या. अकरा. मावशींनी त्या मासळीच्या टोपलीतून, बोंबलांखाली ठेवून आमच्याकडे आणल्या. मी त्या तशाच मामांकडे नेल्या. मामांनी ब्रश घेतला, भिंग घेतलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. अकराच्या अकरा बेंबीवाल्या. निळ्या पिळाच्या, पिवळ्या पिळाच्या, एकीच्या आत तर अभ्रकासारखी चमक. "ह्या भरावाच्या पुष्कळ आधीच्या हायत," मामा म्हणाले, "ह्यात शंका न्हाई."

मला एवढंच ऐकायचं होतं. मी रात्रभर न झोपता पत्रक लिहिलं. 'जमीन बोलते आहे' असं शीर्षक दिलं. चौथ्या परिच्छेदात लिहिलं, की तुमच्या भरावाच्या आधी या भूमीवर पिढ्यानपिढ्या लेकरं खेळली, आणि त्यांच्या गोट्या आज साक्षीला उभ्या आहेत. पाचशे प्रती छापून आणल्या. शाई ओली असतानाच मी एक मामांना दाखवायला नेली. मामा मोरीत बसून अकरावी गोटी दुसऱ्यांदा धूत होते. त्यांनी पत्रक वाचलं नाही. गोटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "ह्या टवक्यात काय अडकलंय बघ."

टवक्यात तांबडी माती होती.

"मग?" मी म्हणाले.

"खाडीची माती काळी असती, पोरी. हा डोंगराचा मुरूम हाय. सगळ्या अकरांच्या टवक्यांत हाच हाय, आत घट्ट बसलेला." मामा उठले, हात पुसले आणि मोरीच्या उंबऱ्यावरून एक पाऊल मागे गेले. "गोट्या जुन्या हायत. पण इथल्या न्हाईत. भरावाच्या ट्रकातनं आल्यात."

मी त्यांना समजावलं. हे मुरमाचं कचेरीत कुणाला कळणार नाही, म्हणाले. तिकडे बिल्डर खोटे नकाशे करतात आणि आपण एका टवक्याला घाबरतो, म्हणाले. हजारो माणसांचा प्रश्न आहे, म्हणाले. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपण काट्याला बोट लावलं, तर त्यांच्या बोटाला काय म्हणायचं?"

मी रडले. रागाने रडले, हे नोंदवून ठेवते. आत्याने मला चहा दिला आणि मामांना दिला नाही. मग मामांनी तीन बॉलपेनं आणली, आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून पाचशे पत्रकांतला चौथा परिच्छेद खोडला. आत्या प्रत्येक प्रत खोडताना "घ्या, झाली का शांती" असं म्हणत होती, पाचशेतल्या तिच्या वाट्याच्या सगळ्या प्रतींना. तिच्या रेघा सगळ्यांत सरळ आल्या.

गावात हे सांगायला मामा स्वतः आले. देवळाच्या ओट्यावर माणसं जमली होती. मामांनी अकरा गोट्या फडक्यावर मांडल्या, हात काढला, मागे सरले आणि सांगितलं. मग मासळीवाल्या मावशी बोलल्या. "काय गो पोरी, या तुज्या मामाला कचेरीवाल्यांनी धाडलाय का?" मग मामांकडे वळून, "गोट्या ट्रकातून आल्या आसतील, बाबा. आमी नाय ट्रकातून आलो."

"तेच तर इचारतोय," मामा म्हणाले, अगदी शांतपणे. "भराव पडायच्या आधी तुमची पोरं कुठं खेळायची?"

"खल्यावर. आनी कुठं?"

"कुठलं खळं?"

मावशींनी पायाखाली बोट दाखवलं, म्हणजे मैदानाच्या दिशेने आणि खाली. तिथे भातझोडणीचं खळं होतं. दर साली बायका शेणाने सारवून, चोपून ते पाटीसारखं करायच्या. कापणी नसली की पोरांना गोट्या खेळायला त्याच्याइतकी जागा नाही. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, इतकं माहीत होतं की सांगावं असं कुणालाच वाटलं नव्हतं. आणि मीसुद्धा विचारलं नव्हतं. मी थेट लिहायला बसले होते.

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग मुरमात कशाला शोधायचं? मुरमाच्या खाली जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी खणायला मावशींचे धाकटे दीर पुढे झाले. वय चाळिशीला टेकलेलं, गळ्यात सोन्याची साखळी, वाळू-विटांचा धंदा, आणि पोट असं की कुदळ मारताना आधी ते वर जायचं. मावशी जागा दाखवत होत्या. "जरा उजवीकडं. आरं, सासूबाय बसायची त्या आंगाला." कमरेपर्यंत तांबडा मुरूम निघाला. मग कुदळीचा आवाज बदलला. मामांनी हात वर केला, सगळ्यांना मागे सारलं आणि स्वतः खड्ड्यात उतरून ब्रशने झाडायला बसले. अर्ध्या तासाने खाली काळपट, घट्ट, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली जमीन दिसली. पाटीसारखी सपाट. पाण्याखालच्या चिखलाला कुणी असं सारवत नाही, हे कळायला भिंग लागत नव्हतं. आणि तिच्यात, बरोबर वीतभर अंतरावर, मुरूम भरलेल्या तीन गोल खळग्या. गोट्या खेळायच्या. मधल्या खळगीत तीन गोट्या होत्या मातीच्या, आणि खळगीच्या तोंडाशी, आत पडता पडता राहिलेली, एक सोड्याच्या बाटलीतली हिरवट गोटी.

दीर वरून वाकून बघत होते. ते एकदम म्हणाले, "ती माजी."

गाव हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनी गोटी मुठीत झाकली. "कशावरनं?"

"बघायच्या आदी सांगतो. एका बाजूला चंद्रकोरीसारका टवका हाय. मी दगडावर आपटून केलेला, बदलली जाऊ नये म्हनून."

मामांनी मूठ उघडली. गोटी फिरवली. भिंग लावलं. मग खड्ड्याच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरले आणि म्हणाले, "ह्यांचीच हाय."

मग दीर बोलायला लागले ते थांबेनात. डाव ऐन रंगात होता, म्हणाले, आणि पहिला ट्रक आला. गावात तोवर ट्रक कुणी बघितला नव्हता. सगळी पोरं डाव टाकून पळाली. परत आली तेव्हा खळ्यावर मुरमाचा ढीग होता. "माजी पाळी बाकी होती," दीर म्हणाले. मावशी म्हणाल्या, "तवा घरी येऊन जेवला नव्हता, मेला. मना वाटला ताप आलाय."

सुनावणीला मी नवं पत्रक नेलं नाही. मामांना नेलं. साहेबांच्या टेबलावर मामांनी दोन फडकी पसरली. एकावर अकरा चमकदार गोट्या, दुसऱ्यावर चार मळक्या. हात काढले, एक पाऊल मागे सरले, ते मागच्या लोखंडी कपाटावर आपटले. मग म्हणाले, "साहेब, ह्या अकरा इथल्या न्हाईत. मुरमाबरोबर आल्यात. त्या धरू नका. ह्या चार धरा."

साहेबांनी चष्मा काढला. आपलाच पुरावा आपणच बाद करणारा माणूस त्यांच्या टेबलासमोर बहुधा पहिल्यांदाच आला असावा. "या चार किती वर्षं जुन्या?"

"सांगता येत न्हाई. मातीच्या आन् सोड्याच्या गोटीला बेंबी नसती."

गावातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मग मी यांचं काय करू?" साहेब म्हणाले.

"साहेब, ह्या भरावाच्या खाली, सारवलेल्या जमिनीवर, खेळायच्या खळगीत सापडल्या. म्हंजी भराव पडायच्या आधी पोरं तिथं खेळत हुती. गोट्या पाण्यात खेळत न्हाईत." मामांनी मावशींकडे बोट केलं. "किती वर्षं खेळत हुती, ते ह्या मावशींना इचारा. त्या भरावाच्या आधीच्या हायत."

"हाव," मावशी म्हणाल्या, "बेंबी दाखव म्हनू नका म्हंजी झाला." साहेबांसकट सगळी कचेरी हसली. हसता हसता साहेबांनी ती हिरवट गोटी उचलली होती, आणि मी पाहिलं, त्यांच्या डाव्या हाताचं बोट आपोआप मागे वाकून नेमाला तयार झालं होतं. पुढच्या आठवड्यात ते खड्डा बघायला स्वतः आले.

पावसाळ्यानंतर पत्र आलं. मैदान गावाकडे राहिलं. एक कोपरा रस्त्याला गेला. तो जायला नको होता, असं मी आजही म्हणते आणि संधी मिळेल तिथे लिहिते. पण पालखी नाचली. त्या जत्रेत मावशींनी मामांना पुढच्या रांगेत बसवून तळलेला पापलेट दिला आणि विचारलं, "मीठ बरोबर हाय का?" मामा पान खाली ठेवून उठले, एक पाऊल मागे सरले, आणि अख्खं गाव हसलं.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले आणि आत्यासह साताऱ्याकडे गावी गेले. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, भिंगाचा उपयोग होत नाही, बेंबी आता ते अंगठ्याने चाचपून ओळखतात. आत्याला मिसळणाचे दोन्ही डबे परत मिळाले, पण मोहरी ती हट्टाने पुडीतच ठेवते. त्या अकरा गोट्या मामांनी माझ्या हातात ठेवल्या. "डोंगराच्या पायथ्याला कुठं तरी एक गाव असणार," म्हणाले, "मुरमाबरोबर उचललेलं. तू लिहितीस, तू शोध." मी अजून शोधते आहे. खाणींच्या कडेने फिरते, म्हाताऱ्या माणसांना विचारते. आधी विचारते, मग लिहिते, हे त्यांच्यामुळे.

जायच्या आधल्या दिवशी मामा मला त्या मैदानावर घेऊन गेले. गावाने तो खड्डा तसाच ठेवला होता, वर फळ्या टाकून. आता बुजवायचा होता. मावशी होत्या, दीर होते. दीर साखळी सावरत खड्ड्यात उतरले, गुडघ्यावर बसले आणि इतकी वर्षं बाकी राहिलेली आपली पाळी घेतली. नेम चुकला. मावशी म्हणाल्या, "तवा बी चुकलाच असता." मग मामांनी चारही गोट्या होत्या तशा ठेवल्या, तीन खळगीत, एक तोंडाशी. आणि खिशातून पाचवी काढली. वाशीच्या दुकानातून त्याच सकाळी घेतलेली, चकचकीत, यंत्राची.

"ही कशाला?" मी विचारलं.

"उद्या कुणी खणलं तर त्याला कळाय नको का, की मधी कुणीतरी हात लावलाय?" त्यांनी ती नवी गोटी बाकीच्यांपासून चार बोटं लांब ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. मग दीरांचा हात धरून ते वर आले, कडेला उभे राहिले, आणि आता फारसं दिसत नसलेल्या डोळ्यांनी खाली बघत एक पाऊल मागे सरले. आम्ही थांबलो होतो. पण या वेळी ते काहीच बोलले नाहीत.